मेंढ्यांच्या खरजेवर आयव्हरमेक्टिन : आठ महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

चाळीस मेंढ्यांच्या कळपावर आयव्हरमेक्टिनचे एक टक्का तीव्रतेचे इंजेक्शन वापरू लागून आता आठ महिने झाले. औषध चांगले आहे, असे माझे मत आहे. मात्र पहिल्या दीड महिन्यात मी त्याला बोगस ठरवून मोकळा झालो होतो, आणि चूक बाटलीतल्या औषधाची नसून माझीच होती, हे कळेपर्यंत बऱ्याच मेंढ्यांची लोकर वाया गेली.

खरूज आली ती विकत आणलेल्या एडक्याबरोबर. त्याला वेगळा न ठेवता मी थेट कळपात सोडला होता. काही आठवड्यांतच मेंढ्या कुंपणाला अंग घासू लागल्या आणि त्यांच्या खांद्यांवरची लोकर पुंजक्यापुंजक्याने लोंबू लागली. एका मेंढीच्या पाठीवर बोटांनी जरा खाजवले, तर तिने मान वर ताणली आणि ओठ चाळवत हवेतच काहीतरी चघळल्यासारखे करू लागली. लोकर फाकवून पाहिली तेव्हा मध्ये पिवळसर, ओलसर खपली होती आणि तिच्या कडेने कातडी लालभडक झाली होती. पशुवैद्यकांनी खरवडून नमुना घेतला तो खपलीच्या मधून नव्हे, तर या लाल कडेवरून, कारण जिवंत किडे पसरत्या कडेलाच असतात. सूक्ष्मदर्शकाखाली दिसला तो सोरोप्टेस ओव्हिस हा माइट, म्हणजे खरजेचा बारीक किडा. तो जेमतेम पाऊण मिलिमीटरचा असतो, कातडीत बीळ करत नाही, वरच राहून तिथे पाझरणाऱ्या द्रवावर जगतो आणि अंड्यापासून पूर्ण वाढ व्हायला त्याला साधारण दोन आठवडे पुरतात.

या रोगासाठी सांगितलेली मात्रा किलोमागे २०० मायक्रोग्रॅम, म्हणजे ५० किलो वजनाला १ मिलिलिटर, कातडीखाली, आणि सात दिवसांनी तीच मात्रा पुन्हा. मेंढीला धरणे आणि मानेवरची कातडी चिमटीत उचलून सुई घालणे, हे काम दोन माणसांत सहज होते. टोचताना काही मेंढ्या झटका देतात, क्वचित तिथे गाठही राहते, पण ती आपोआप जिरते. पहिल्या इंजेक्शननंतर चौथ्या-पाचव्या दिवशी घासणे स्पष्टपणे कमी झाले आणि मी निर्धास्त झालो.

पाचव्या आठवड्यात अकरा मेंढ्या पुन्हा कुंपणाला लागल्या. नव्या नमुन्यात जिवंत माइट निघाले, तेव्हा पशुवैद्यकांनी औषधाविषयी काही न बोलता वजने विचारली. मी सगळ्या मेंढ्यांना सरसकट अर्धा मिलिलिटर दिले होते, म्हणजे सगळ्या पंचवीस किलोच्या धरल्या होत्या. काट्यावर चढवल्यावर मोठ्या मेंढ्या चौतीस ते अडतीस किलोच्या निघाल्या. अंगावर दाट लोकर असली की नजरेचा अंदाज चुकतो, हे मी इतकी वर्षे मेंढ्या पाळूनही विसरलो होतो. दुसरी चूक वाड्याची. हे माइट मेंढीच्या अंगाबाहेर, लोकरीच्या गुंत्यात आणि खांबांच्या भेगांत, दोन आठवड्यांहून थोडे अधिक जगू शकतात. आयव्हरमेक्टिनचा परिणाम अंगात फार काळ टिकत नाही, त्यामुळे बऱ्या झालेल्या मेंढ्या त्याच वाड्यात परत घातल्या की त्या पुन्हा किडे उचलतात.

दुसऱ्या खेपेस प्रत्येक मेंढीचे वजन केले, टोचलेल्या प्रत्येक मेंढीच्या पाठीवर रंगाचा ठिपका दिला (गडबडीत एक मेंढी सुटली, तरी सगळे मुसळ केरात जाते), सातव्या दिवशी दुसरी मात्रा दिली आणि वाडा सतरा दिवस रिकामा ठेवला. त्यानंतर खपल्या नव्या लोकरीबरोबर हळूहळू वर उचलल्या गेल्या आणि कुठल्याही मेंढीत खरूज उलटली नाही. खपल्या गळायला वेळ लागतो, त्यामुळे त्या दिसतात म्हणून घाईने तिसरे इंजेक्शन देण्याचे कारण नाही.

सहाव्या महिन्यात मात्र चार मेंढ्या पुन्हा खाजवू लागल्या, तेव्हा माझी तंतरली. लोकर फाकवल्यावर बारीक, तांबूस उवा पळताना दिसल्या. खपली कुठेच नव्हती. या चावणाऱ्या उवा रक्त पीत नाहीत, कातडीवरचा कोंडा खातात, त्यामुळे टोचलेले आयव्हरमेक्टिन त्यांच्यापर्यंत नीटसे पोहोचतच नाही. त्यांच्यासाठी बाहेरून लावायचे औषध वापरावे लागले. नमुना न पाहता मी सवयीने बाटली उघडली असती, तर औषध फुकट गेले असते.

औषधी पाण्याच्या हौदात कळप बुडवण्याशी तुलना करायची तर इंजेक्शन कितीतरी सोपे आहे. हौदात मेंढी पूर्ण एक मिनिट ठेवावी लागते, डोके दोनदा बुडवावे लागते, आणि उरलेले विषारी पाणी टाकायचे कुठे, हा प्रश्न शेवटी उरतोच. पण हौदातल्या औषधाने उवाही मरतात, ही त्याची जमेची बाजू मान्य करायला हवी. इंजेक्शनच्या दोषांत मी पुढच्या गोष्टी धरतो : शेवटच्या मात्रेनंतर मांसासाठी मेंढी विकण्याआधी लेबलवर दिलेली मुदत पाळावी लागते, माणसांनी प्यायचे दूध देणाऱ्या मेंढीला हे चालत नाही, आणि लेंड्यांतून बाहेर पडणारे औषध शेणकिड्यांना मारक ठरते. कळपाबरोबर कॉली जातीचा कुत्रा असेल तर सांडलेले औषध त्याला चाटू देऊ नये, कारण या जातीतल्या बऱ्याच कुत्र्यांना ते जिवावर बेतते.

आयव्हरमेक्टिनच्याच कुळातल्या औषधांना दाद न देणारे माइट ब्रिटनमध्ये सापडल्याची नोंद २०१८ मध्ये झाली आहे, आणि माझ्यासारख्यांनी दिलेल्या अपुऱ्या मात्रेतून असे माइट निपजू शकतात. त्यामुळे आता मी काटा बाजूला आणल्याशिवाय सिरिंज भरत नाही. गेल्या आठवड्यात आणलेल्या दोन मेंढ्या सध्या वेगळ्या खोपट्यात बांधलेल्या आहेत, आणि त्यांच्या अंगावरच्या नमुन्याचा निकाल यायचा आहे.