पावडर मोजायचा छोटा डिजिटल काटा : सहा महिन्यांनंतर

काडतुसं भरायच्या माझ्या टेबलावरची सगळ्यात नाजूक प्रकृती या काट्याची. पंखा लावला की आकडा हलतो, खिडकी उघडली की हलतो, शेजारी मोबाईल ठेवला तरी कधीकधी रुसतो. कंपनी सांगते अचूकता 0.1 ग्रेन, म्हणजे साधारण 6.5 मिलिग्रॅम. पहिली पंधरा मिनिटं यावर अजिबात विश्वास ठेवू नका. चालू करून तसाच ठेवायचा, मग सोबतच्या वजनाने तपासून घ्यायचा. मी दर वीस पुंगळ्यांमागे (पुंगळी म्हणजे काडतुसाची रिकामी नळी, जिच्यात पावडर भरतात) पुन्हा तपासते. कंटाळवाणं आहे, पण पिस्तुलाच्या पुंगळीत मोजून चार-पाच ग्रेनच पावडर जाते. तिथे अर्ध्या ग्रेनची चूक म्हणजे सरळ दहा टक्के!

आणखी एक खोड. चिमटीने कण कण टाकत गेलं तर काटा ढिम्म हलत नाही. वाटी उचलून परत ठेवली की खरा आकडा दिसतो. हे माहितीपत्रकात कुठेही लिहिलेलं नाही.

वेग मात्र मस्त. जुन्या दांडीच्या तराजूवर दांडी स्थिरावायची वाट बघत बसावं लागायचं. तरी तो मी टाकलेला नाही. त्याला बॅटरी लागत नाही, आणि दोघांचं एकमत झाल्याशिवाय मी पुढची पुंगळी हातात घेत नाही.

बॅटरीचं झाकण पहिल्याच महिन्यात तुटलं. चिकटपट्टीवर चाललंय. पाचपैकी साडेतीन.