‘बोलायला थांबला’ आणि ‘बोलायचा थांबला’ : नौपाड्यातील एका इंग्रजी व्याकरण वर्गाचा अनुभव

ठाण्यात नौपाडा भागात, राम मारुती रस्त्याला लागून असलेल्या एका गल्लीतील जुन्या इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर, दर शनिवारी संध्याकाळी ५ ते ७ या वेळेत मोठ्या माणसांसाठी इंग्रजी व्याकरणाचा वर्ग भरतो. १२ शनिवारांचा हा अभ्यासक्रम मी नुकताच पूर्ण केला. शुल्क ४,८०० रुपये होते आणि आमच्या तुकडीत १४ जण होते. महिन्याभरात अस्खलित इंग्रजी बोलायला शिकवण्याचे आश्वासन देणारे फलक ठाणे स्थानकाबाहेर पावलोपावली दिसतात. हा वर्ग त्या जातीचा नाही. येथे १२ पैकी तब्बल सहा शनिवार एकाच प्रश्नाला दिले जातात, तो म्हणजे इंग्रजीत एका क्रियापदामागोमाग दुसरे क्रियापद आले, तर त्या दुसऱ्याचे रूप कोणते असावे. ‘टू’ लावून येणारे इन्फिनिटिव्ह, म्हणजे क्रियापदाचे मूळ रूप (जसे ‘टू गो’), ‘टू’शिवाय येणारे नुसते इन्फिनिटिव्ह (‘गो’) की ‘आयएनजी’ लावलेले रूप (‘गोइंग’)? एवढ्याशा गोष्टीला सहा शनिवार कशाला, असे नाव नोंदवताना मलाही वाटले होते. आज मला ते सहा शनिवार कमी वाटतात.

या वर्गाकडे मी का वळलो, ते सांगितल्याशिवाय त्याची किंमत कळणार नाही. रबाळ्याच्या औद्योगिक पट्ट्यातील एका कंपनीत मी निर्यातीच्या कागदपत्रांचे काम पाहतो. गेल्या वर्षी एका खेपेच्या वेळी कंटेनरच्या दोन सीलबद्दल शंका आली, म्हणून आम्ही काम मध्येच थांबवून सगळी सीले पुन्हा तपासली आणि त्यामुळे माल एक दिवस उशिरा निघाला. उशिराचे हे कारण खरेदीदाराला कळवताना मी लिहिले, ‘वी स्टॉप्ड चेकिंग द सील्स.’ मला म्हणायचे होते, ‘आम्ही सीले तपासायला थांबलो’. वाक्याचा अर्थ झाला, ‘आम्ही सीले तपासायचे थांबवले.’ दुसऱ्या दिवशी सकाळीच खरेदीदाराचा फोन आला आणि सीले तपासणे तुम्ही कोणाच्या सांगण्यावरून बंद केले, याचे उत्तर माझ्या वरिष्ठांना द्यावे लागले. मला अधिक लागले ते हे, की ते वाक्य मी अंदाजाने लिहिलेले नव्हते. ‘एन्जॉय, अव्हॉइड, फिनिश, माइंड, स्टॉप : यांच्यानंतर आयएनजी’ ही नववीत पाठ केलेली यादी मला आजही मुखोद्गत आहे, आणि त्या यादीवर विसंबूनच मी ते लिहिले होते.

पहिल्या शनिवारी शिकवणाऱ्या बाईंनी फळ्यावर इंग्रजीचे एकही अक्षर लिहिले नाही. त्यांनी ‘जा’ या धातूसाठी रिकाम्या जागा सोडून पाच मराठी वाक्ये लिहिली : मी उद्या ठाण्याला … शकतो, साहेबांनी मला … सांगितले, आईने मला … दिले नाही, आम्ही … ठरवले, त्याने तिकडे … टाळले. चौदाही जणांनी क्षणभरही न थांबता जाऊ, जायला, जाऊ, जायचे, जाणे अशी रूपे भरली. ‘हे तुम्हाला कोणी शिकवले?’ असे त्यांनी विचारले, तेव्हा कोणाकडेच उत्तर नव्हते. ‘जायला शकतो’ किंवा ‘जाऊ सांगितले’ असे आपल्याकडचे लहान मूलदेखील म्हणत नाही. पुढच्या क्रियापदाचे रूप आधीच्या अर्थावरून ठरते, ही गोष्ट मराठी माणसाला नवी नाही. ती आपल्या कानात मुरलेली आहे, फक्त इंग्रजी शिकताना त्या कानाचा उपयोग करायला आपल्याला कोणी सांगितले नाही, असे त्यांचे म्हणणे होते. मी मराठी माध्यमात शिकलो. मराठी डोक्यातून काढून टाका, तरच इंग्रजी येईल, हे वाक्य मी आयुष्यभर ऐकत आलो आहे. त्यामुळे त्या संध्याकाळी मला किती हायसे वाटले, हे त्याच शाळांतून आलेल्या वाचकांना वेगळे सांगायला नको.

त्यानंतर बाईंनी ‘जायला’, ‘बघायला’, ‘भेटायला’ या रूपांतील ‘ला’कडे लक्ष वेधले. ‘ठाण्याला निघालो’ यातील ‘ला’ आणि ‘तलावपाळी बघायला निघालो’ यातील ‘ला’ एकच आहे. तो दिशा दाखवतो, पुढे बोट करतो. इंग्रजीतील ‘टू’चेही तसेच आहे, कारण ‘टू ठाणे’ म्हणताना ते गाव दाखवते आणि ‘टू सी’ म्हणताना कृती. सुमारे हजार वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत ‘गाणे’ या अर्थाचे रूप ‘सिंगन’ असे होते, म्हणजे क्रियापदाला स्वतःचा प्रत्यय होता, आणि ‘टू’ हे मुळात दिशा दाखवणारे अव्यय होते. प्रत्यय झिजून गेले आणि ते ‘टू’ इन्फिनिटिव्हची खूण बनून राहिले. हे एकदा समजले, की वॉन्ट, होप, डिसाइड, प्लॅन, प्रॉमिस, अग्री, एक्स्पेक्ट, ऑफर ही क्रियापदे ‘टू’ का मागतात, हे पाठ करावे लागत नाही. इच्छा, आशा, निश्चय, वचन या सगळ्यांचे तोंड पुढे घडायच्या गोष्टीकडे असते. एन्जॉय, फिनिश, डिनाय, अ‍ॅडमिट यांचे तोंड मात्र चालू असलेल्या किंवा घडून गेलेल्या गोष्टीकडे असते, म्हणून तेथे ‘आयएनजी’ येते.

या वर्गातील सर्वांत मोलाचा भाग तिसऱ्या आणि चौथ्या शनिवारी आला. ज्या क्रियापदांनंतर दोन्ही रूपे चालतात, पण अर्थ बदलतो, ती क्रियापदे या दोन दिवसांत घेतली गेली, आणि प्रत्येक वेळी अर्थातला फरक मराठीने आधीच करून ठेवलेला निघाला. ‘आय फरगॉट टू लॉक द डोअर’ म्हणजे ‘मी कुलूप लावायला विसरलो’, कुलूप लागलेच नाही. ‘आय फरगॉट लॉकिंग द डोअर’ म्हणजे ‘कुलूप लावल्याचे मी विसरलो’, कुलूप लागले, आठवण गेली. ‘ट्राय टू ओपन द विंडो’ म्हणजे खिडकी उघडण्याचा प्रयत्न करा, कदाचित ती घट्ट बसली असेल. ‘ट्राय ओपनिंग द विंडो’ म्हणजे खिडकी उघडून पाहा, त्याने उकाडा कमी होतो का ते कळेल. ‘उघडून पाहा’ हे किती साधे रूप आहे, आणि ‘ट्राय’नंतरच्या ‘आयएनजी’चा अर्थ त्यात जसाच्या तसा बसतो! ‘वी रिग्रेट टू इन्फॉर्म यू’ म्हणजे कळवताना वाईट वाटते, ‘आय रिग्रेट टेलिंग हिम’ म्हणजे त्याला सांगितल्याचा पश्चात्ताप होतो. ‘लावायला’ आणि ‘लावल्याचे’ या दोन रूपांतील अंतर ज्याला कळते, त्याला रिमेंबर, फरगेट आणि रिग्रेट ही तिन्ही क्रियापदे एका बैठकीत समजतात.

‘स्टॉप’ची पाळी आली, तेव्हा बाईंनी फळ्यावर दोन वाक्ये एकाखाली एक लिहिली. ‘तो बोलायला थांबला.’ ‘तो बोलायचा थांबला.’ पहिल्यात बोलणे सुरू होते, दुसऱ्यात बोलणे संपते. बदलले आहे ते फक्त एक अक्षर. ‘ही स्टॉप्ड टू टॉक’ आणि ‘ही स्टॉप्ड टॉकिंग’ यांत नेमका हाच फरक आहे. बाहेर पाऊस होता, म्हणून त्यांनी तिसरे वाक्य विचारले : ‘पाऊस पडायचा थांबला.’ शेवटच्या बाकावरून उत्तर आले, ‘इट स्टॉप्ड रेनिंग’, आणि ते कोणालाही समजावून सांगावे लागले नाही. मी मात्र वहीत माझ्या सीलांचे वाक्य लिहून, त्याच्याखाली ‘तपासायला’ आणि ‘तपासायचे’ हे दोन शब्द बराच वेळ पाहत बसलो होतो. नववीच्या यादीत ‘स्टॉप’ होते, पण ते कोणत्या अर्थाने त्या यादीत बसले आहे, हे यादी सांगत नव्हती.

बिगिन, स्टार्ट, कंटिन्यू यांच्याबाबतीत दोन्ही रूपे चालतात आणि अर्थ फारसा बदलत नाही. त्यासाठी घेतलेले उदाहरण ठाणेकरांना आवडेल असे होते : १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे या मार्गावर प्रवासी गाडी धावली, हे सांगताना ‘बिगन टू रन’ आणि ‘बिगन रनिंग’ ही दोन्ही रूपे बरोबर आहेत.

नियम जेथे चालत नाही, तेथे बाई ते मोकळेपणाने मान्य करतात, आणि ही गोष्ट मला विशेष महत्त्वाची वाटते. ‘सजेस्ट’ आणि ‘कन्सिडर’ यांचा रोख पुढच्या गोष्टीकडेच असतो, तरीही त्यांच्यानंतर ‘आयएनजी’ येते. ‘मॅनेज’ घडून गेलेल्या गोष्टीबद्दल बोलते, तरीही ‘टू’ घेते. अशी क्रियापदे प्रत्येकी एका पूर्ण वाक्यासह लक्षात ठेवावीत, असा त्यांचा आग्रह असतो. ‘सजेस्ट’वर त्यांनी जवळजवळ अर्धा तास दिला, कारण ‘ही सजेस्टेड मी टू चेंज द डेट’ हे वाक्य आमच्यापैकी बहुतेकांच्या ईमेलमध्ये सापडले. ‘तारीख बदलायला सुचवले’ आणि ‘तारीख बदलायला सांगितले’ ही मराठीत एकाच साच्याची वाक्ये असल्यामुळे ही चूक होते. येथे मराठीचा कान आपल्याला फसवतो, आणि कोठे फसवतो हे दाखवून देणे हेही त्या कानाचा आदर करण्याइतकेच आवश्यक आहे. ‘ही टोल्ड मी टू चेंज द डेट’ हे बरोबर, ‘ही सजेस्टेड चेंजिंग द डेट’ हेही बरोबर.

‘त्याने यावे अशी माझी इच्छा आहे’ याचे ‘आय वॉन्ट दॅट ही शुड कम’ असे भाषांतर आपण सर्रास करतो. तेथे ‘आय वॉन्ट हिम टू कम’ एवढेच हवे. कार्यालयात काम करणाऱ्यांना नकाराचा भागही फार उपयोगी पडेल. ‘पाठवू नका असे सांगितले’ आणि ‘पाठवायला सांगितले नाही’ यांतील फरक ‘टोल्ड मी नॉट टू सेंड’ आणि ‘डिड नॉट टेल मी टू सेंड’ असा दाखवावा लागतो, आणि चूक कोणाच्या माथी जाणार हे कित्येकदा त्या एका ‘नॉट’च्या जागेवर ठरते. ‘लुक फॉरवर्ड टू’नंतर ‘मीट’ न येता ‘मीटिंग’ का येते, यासाठी सांगितलेली चाचणी सोपी आहे. ‘टू’नंतर नुसते नाम ठेवून पाहावे. ‘लुक फॉरवर्ड टू युअर रिप्लाय’ चालते, ‘वॉन्ट टू युअर रिप्लाय’ चालत नाही. म्हणजे पहिल्यातील ‘टू’ हे इन्फिनिटिव्हचे नव्हेच.

उणिवाही आहेत. ‘मेक’ आणि ‘लेट’ यांच्यासाठी ‘थांबायला लावले’ आणि ‘जाऊ दिले’ ही जोडी सुरेख वापरली, ‘शी मेड मी वेट’ आणि ‘शी लेट मी गो’ ही नुसती इन्फिनिटिव्हे पक्की झाली, पण कर्मणी प्रयोगात ‘आय वॉज मेड टू वेट’ असे ‘टू’ परत येते आणि ‘लेट’च्या जागी ‘वॉज अलाउड टू’ वापरावे लागते, हा अवघड भाग सहाव्या शनिवारच्या शेवटच्या पंधरा मिनिटांत घाईने उरकला गेला. ‘सॉ हिम क्रॉस’ आणि ‘सॉ हिम क्रॉसिंग’ यांचाही केवळ उल्लेख झाला. विशेषणांनंतर येणारे इन्फिनिटिव्ह, जसे ‘इझी टू रीड’, तर अभ्यासक्रमात नाहीच. वर्गात दिल्या जाणाऱ्या ४० पानी पुस्तिकेत मुद्रणदोष बरेच आहेत आणि ‘हेल्प’नंतर ‘टू’ आवश्यकच असल्याचे छापले आहे, ते चूक आहे. ‘हेल्प्ड मी टू कॅरी’ आणि ‘हेल्प्ड मी कॅरी’ ही दोन्ही रूपे प्रचलित आणि शुद्ध आहेत. मी हे लक्षात आणून दिले, तेव्हा बाईंनी त्याच वेळी सर्वांना पुस्तिकेत दुरुस्ती करायला सांगितली. नव्या प्रतींत ती छापली जावी, अशी माझी मनापासून विनंती आहे. खोली रस्त्याच्या बाजूला असल्याने खिडक्या उघड्या ठेवल्या, तर मागच्या रांगेत ऐकू येत नाही.

ज्यांना केवळ बोलण्याचा सराव हवा आहे, त्यांचे येथे समाधान होणार नाही. ज्यांना रोज इंग्रजीत लिहावे लागते आणि लिहून झाल्यावर ‘हे बरोबर आहे ना’ असे शेजारच्या टेबलावर विचारावे लागते, त्यांनी मात्र जरूर जावे. शुल्क भरण्याआधी एक शनिवार वर्गात बसू देतात. येताना स्वतः लिहिलेली दहा इंग्रजी वाक्ये, शक्यतो कामाच्या ईमेलमधली, जशी पाठवली तशीच आणायला सांगतात, आणि ती नाव न सांगता फळ्यावर घेतली जातात. माझ्या दहा वाक्यांत पहिले वाक्य सीलांचे होते.