मनसर की कोराडी?

भूविज्ञानात पुढे काय घ्यायचं, यावर नागपुरात दोन वाटा हाताशीच आहेत. धातुक खनिजं घेतली, तर रामटेकजवळची मनसरची मँगनीज खाण. तिथलं ब्राउनाइट हे मँगनीजचं खनिज टणक. पायरोल्युसाइट या दुसऱ्या मँगनीज खनिजाला हात लावला की बोटं काळी! शिवाय गोंडाइट: स्पेसार्टाइट गार्नेट आणि क्वार्ट्झ या खनिजांचा हा खडक गोंडांच्या नावाने जगभर ओळखला जातो.

पर्यावरणीय भूविज्ञानात कोराडी-खापरखेड्याच्या औष्णिक वीजकेंद्रांची राख, विहिरींचं पाणी, पश्चिम नागपुरातल्या बेसाल्टच्या भेगांतून मुरणारा पाऊस. हातोड्यापेक्षा नमुन्यांच्या बाटल्याच जास्त वाहाव्या लागतात. पावसाळ्याआधी आणि नंतर, दोन्ही वेळा त्याच विहिरींवर जायचं; म्हणजे मे महिन्याचं ऊन चुकत नाही. नोकऱ्यांचा आवाका मात्र इथे मोठा वाटतो.

मी? मनसरच घेईन, काळ्या बोटांसकट.