शांत पंखा निवडताना: १२० की १४० मिलिमीटर, आणि बेअरिंग कोणते?

डेस्कटॉपचा पंखा वाजतो तो दोन कारणांनी: पाती हवा कापतात म्हणून आणि बेअरिंग (पंख्याचा आस ज्यात फिरतो तो भाग) घासते म्हणून. यांपैकी हवेचा आवाज वेगाबरोबर झपाट्याने वाढतो. त्याच पंख्याच्या दर मिनिटाच्या फेऱ्या निम्म्यावर आणल्या, तर आवाज साधारण १५ डेसिबलने उतरतो, मात्र हवाही जवळपास निम्मीच मिळते.

म्हणूनच कॅबिनेटमध्ये जागा असल्यास मी १२० पेक्षा १४० मिलिमीटरचा पंखा पसंत करतो. त्याचा घेर क्षेत्रफळाने सुमारे ३६ टक्के मोठा असल्याने तेवढीच हवा तो कमी फेऱ्यांत ढकलतो. रेडिएटर किंवा दाट पत्र्यांचा हीटसिंक यांतून हवा रेटायची असेल, तर मात्र स्थिर दाब (अडथळ्यातून हवा रेटण्याची पंख्याची ताकद) आधी पाहावा, आणि तिथे चांगला १२० चा पंखाही मुळीच कमी पडत नाही.

खोक्यावरच्या आकड्यांची तुलना जपून करावी. नॉक्टुआ आपल्या एनएफ-ए१२एक्स२५ साठी २००० फेऱ्यांना २२.६ डेसिबल सांगते, तर आर्क्टिक पी१२ साठी १८०० फेऱ्यांना ०.३ सोन (कानाला आवाज किती मोठा वाटतो त्याचे एकक); एकके आणि वेग दोन्ही वेगळे असल्याने यावरून शांत कोणता, हे ठरत नाही.

स्लीव्ह बेअरिंग स्वस्त आणि नवे असताना शांत असते, पण कॅबिनेटच्या छताला आडवे बसवले की लवकर झिजून खरखरू लागते. बॉल बेअरिंग टिकाऊ आणि उष्णता सोसणारे. मंद वेगातही त्याची बारीक घरघर कानाला लागते. रोज शेजारी बसून काम करायचे असेल, तर फ्लुइड डायनॅमिक बेअरिंगसाठी (यात आस तेलाच्या पातळ थरावर फिरतो) थोडे जास्त पैसे मोजणे मला रास्त वाटते.

जोडणी चार पिनांचीच घ्यावी. तीन पिनांचा पंखा व्होल्टेज कमी करून मंद करावा लागतो आणि ते फार उतरवले तर तो सुरूच होत नाही. चार पिनांचा पंखा सहसा त्याहून खालच्या वेगालाही नीट फिरतो.

माझ्याकडचा एक पंखा नेमका ९०० फेऱ्यांच्या आसपास घुमायचा, ८०० ला गप्प आणि १००० ला पुन्हा गप्प. स्क्रूऐवजी रबरी खुंट्या लावल्यावर ते घुमणे बरेच कमी झाले. उरलेले बायोसमध्ये (मदरबोर्डच्या सेटिंगमध्ये) सुटले: तो पट्टा टाळणारा, तापमानानुसार वेग ठरवणारा आलेख आखला आणि वेगबदलाला काही सेकंदांचा विलंब दिला, कारण सततच्या मंद आवाजापेक्षा दर मिनिटाला चढणारा-उतरणारा आवाज कितीतरी जास्त खुपतो.