शास्त्रींचा लघुपट शोधताना जस्टवॉच: काही महिन्यांच्या वापरानंतर

कोणती फिल्म कुठे पाहता येईल ते सांगणारी जस्टवॉच ही साइट फीचर फिल्मसाठी उत्तम, वाद नाही. नाव टाका, देश भारत ठेवा, कोणत्या ओटीटीवर आहे ते लगेच कळतं. पण पंधरा-वीस मिनिटांचा माहितीपट, त्यातही एस. एन. एस. शास्त्रींसारख्या दिग्दर्शकाने स्वतःवरच केलेला, शोधायला बसलात की ते हात टेकतं. त्याचा सगळा हिशेब ओटीटीच्या याद्यांवर, आणि लघुपट तिथे सुटा क्वचितच असतो. तो डीव्हीडीवर मुख्य फिल्मसोबत दिलेल्या एक्स्ट्रात नाहीतर निर्मात्याच्या चॅनेलवर पडलेला असतो. फिल्मची नोंद-परीक्षणं ठेवणाऱ्या लेटरबॉक्सड साइटवर पुन्हा तपासू नका, तिथली 'कुठे पाहाल' ही माहितीही जस्टवॉचचीच.

म्हणून आधी निर्माता कोण ते बघा. एस. एन. एस. शास्त्रींचा 'अँड आय मेक शॉर्ट फिल्म्स' (1968) हा लघुपट फिल्म्स डिव्हिजन या सरकारी संस्थेचा. ती संस्था 2022 मध्ये एनएफडीसीत (राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळात) विलीन झाली, तरी फिल्म्स डिव्हिजनच्या यूट्यूब चॅनेलवर जुन्या माहितीपटांचा मोठा साठा आहे. चॅनेल उघडून तिथल्याच भिंगाच्या खुणेवर शोधा. वरच्या मुख्य सर्चमध्ये हे नाव टाकलं तर 'शॉर्ट फिल्म कशी बनवावी' छापाचे व्हिडिओच अंगावर येतात. शास्त्रींचं इंग्रजी स्पेलिंग एच घालून आणि एच वगळून, दोन्ही करून बघा.

सापडला की लांबी ताडा. सेकंदाला 24 फ्रेमची फिल्म व्हिडिओवर सेकंदाला 25 फ्रेमने चढवली की वेळ चार टक्क्यांनी घटतो. 16 मिनिटांतली चाळीसेक सेकंदं अशीच जातात. तेवढ्यावरून कापलेली प्रत म्हणू नका. दोन-तीन मिनिटं कमी असतील तर मात्र दुसरी प्रत शोधा.

मुबी या ओटीटीवर फिल्मचं पान दिसलं म्हणजे ती तिथे पाहता येते असं नाही, प्ले बटण आहे का बघा. क्रायटेरियन चॅनेल हे ओटीटी अमेरिका-कॅनडापुरतं आहे; परदेशी दिग्दर्शकांनी स्वतःवर केलेल्या फिल्म्सच्या बाबतीत इथेच बरेच जण फसतात.

परभणी-बीडकडे संध्याकाळी लाईटचा भरवसा नसतो. दुपारीच यूट्यूब अॅपमध्ये ऑफलाइन करून ठेवा. 480p दर्जाला शंभर-सव्वाशे एमबी पुरतात, आणि जुन्या कृष्णधवल प्रतीला त्याहून जास्त कशाला? नांदेड-लातूरच्या कॉलेजात सगळ्यांना दाखवायचा असेल तर मात्र एनएफडीसीला पत्र लिहून परवानगी घ्या, यूट्यूबवर फुकट आहे म्हणून जाहीर खेळाची मुभा मिळत नाही. प्रोजेक्टरवर चित्र 4:3 च ठेवा; पडदा भरावा म्हणून ताणलं की माणसं बुटकी दिसतात.