जुना वाडा पाडायचाय: भंगारवाल्याला द्यावा की पाडकामाच्या ठेकेदाराला?

पुण्याच्या पेठांत वाडा पाडायचा म्हटलं की दोन तऱ्हेची माणसं दारात येतात. एक म्हणतो, "काम फुकट, वर तुम्हालाच पैसे देतो. लाकूड, कौलं, लोखंड माझं." दुसरा पाडण्याची मजुरी सांगतो आणि निघालेल्या मालाची किंमत त्यातून वजा करतो. आकडे शेजारी मांडले की पहिलाच परवडतो. मी मात्र आधी बघतो की या माणसाला पैसे कशातून सुटणार आहेत.

भंगारवाल्याला ते सागवानातून सुटतात, म्हणून त्याचा हात आधी तिकडेच जातो. आमच्या मामांच्या वाड्यात त्याच्या माणसांनी वरचा मजला तसाच ठेवून खालच्या तुळया सोडवायला घेतल्या, कारण जाड लाकूड तिथे होतं. अशा वाड्यात भार लाकडी सांगाडा पेलतो. मधली मातीविटांची भिंत त्याच्याच आधाराने उभी असते. संध्याकाळपर्यंत शेजाऱ्यांकडची भिंत पोटातून फुगली, सांध्यांतून माती भुरभुरायला लागली. पलीकडच्या खोलीत त्यांच्या आजी झोपायच्या. त्यांना त्या रात्री दुसरीकडे हलवावं लागलं, हे मला आजही लागतं.

नंतर आलेल्या ठेकेदाराने पहिला दिवस नुसते टेकू लावण्यात घालवला. मग कौलं, वासे, कडीपाट (मजल्यामधलं लाकडी छत), असं वरून खाली. पाडकामाच्या सुरक्षिततेचं भारतीय मानक आयएस ४१३० हाच क्रम सांगतं. वेळ जास्त गेला, पैसेही. पण भिंत वाचली.

राडारोड्याचा खर्च बहुतेकांच्या लक्षातच येत नाही. भंगारवाला विकाऊ माल नेतो, मातीचा ढीग तुमच्या अंगणात. तो उचलायचे ट्रक धरले की "फुकट" काम बरंच महाग होतं. ठेकेदाराच्या दरात वाहतूक धरलेली असते, तरी ती लेखी घ्या: राडारोडा कुठे टाकणार, पावती कोण देणार. नदीकाठी रिकामा झालेला ट्रक शेवटी घरमालकालाच भोवतो.

म्हणून भंगारवाला वाईटच, असं नाही. गावाकडे मोकळ्या जागेत एकमजली कौलारू घर असेल, चारी बाजूंना कुणी नसेल, तर त्याला खुशाल द्या; लाकूड काढण्यात त्याचा हात खरंच सफाईचा असतो. सामाईक भिंत, वरचा मजला किंवा स्लॅब असेल, तर ठेकेदारच. मग त्याच्या कामगार विम्याची प्रत मागा आणि मुदत बघा. दोन घरांच्या मधलं त्याने पाडलेलं एखादं घर प्रत्यक्ष जाऊन पाहा, शेजाऱ्यांशी बोला. वीज, पाणी, गॅस तोडल्याची खात्री स्वतः करा. आणि पहिला घाव पडायच्या आधी शेजाऱ्यांना सोबत घेऊन त्यांच्या भिंतींवरच्या जुन्या तड्यांचे तारखेसह फोटो काढून ठेवा.