५५ इंची स्मार्ट टीव्ही: चित्र पहिल्या वर्गात, आवाज काठावर पास

दुकानात टीव्ही बघणारा माणूस एकटा असतो आणि पडद्यासमोर सरळ उभा असतो. घरात तोच टीव्ही चौघं बघतात: एक सोफ्याच्या कडेला, एक जमिनीवर लोळत, आजी खुर्चीत, आणि एक जण नुसता येता-जाता. त्यामुळे मधल्या दर्जाच्या ५५ इंची फोर-के टीव्हीचं हे परीक्षण या चौघांच्या सोयीने केलं आहे. या वर्गात नाव कुठलंही घ्या, आतला माल साधारण सारखाच निघतो: एलईडी बॅकलाइट (पडद्यामागचा उजेड), ६० हर्ट्झचं पॅनेल (सेकंदाला ६० वेळा चित्र बदलणारा पडदा), १०-१० वॉटचे दोन स्पीकर, दीड-दोन जीबी रॅम आणि तीन एचडीएमआय पोर्ट.

आधी आकार. ५५ इंच हा कर्ण. रुंदी सुमारे १२२ सेंमी आणि उंची ६८-६९ सेंमी भरते. सव्वादोन मीटरवर बसलं तर पडदा डोळ्यासमोर ३० अंशांचा कोन व्यापतो, आणि रोजच्या बघण्याला तेवढं पुष्कळ झालं. भिंतीवर लावताना हमखास चूक होते ती उंचीची. बसलेल्या माणसाचे डोळे जमिनीपासून साधारण १ ते १.१ मीटरवर असतात. पडद्याचा मध्य तिथे यायला हवा, म्हणजे खालची कड जेमतेम ७० सेंमीवर येते. लावणारा कारागीर सवयीने वर लावतो आणि मग घरभर मानदुखी. स्टँडवर ठेवणार असाल तर पाय दोन टोकांना असतात, टेबलाची रुंदी आधी मोजा. लहान मूल घरात असेल तर मागून पट्ट्याने टीव्ही भिंतीला बांधायलाच हवा. पडदा धरून उभं राहणाऱ्या मुलाच्या अंगावर तो सहज येतो.

चित्राबद्दल तक्रारीला फार जागा नाही. फक्त पॅनेल कुठलं आहे ते विचारून घ्या. व्हीए पॅनेलचा काळा रंग खरोखर काळा दिसतो, पण कडेला बसलेल्याला रंग फिके पडलेले दिसतात. आयपीएसचं उलट: कडेनेही रंग टिकतात, मात्र अंधाऱ्या खोलीत काळ्याचा राखाडी होतो. खोली रुंद आणि माणसं पसरून बसणारी असतील तर आयपीएस घ्यावं, जाहिरात कशाचीही असो. घरी आणल्यावर पहिलं काम म्हणजे ‘व्हिव्हिड’ मोड काढून ‘सिनेमा’ किंवा ‘फिल्ममेकर’ लावणं. दुसरं, हालचाल गुळगुळीत करणारी सोय बंद करणं. चित्रपट सेकंदाला २४ चौकटींचा असतो. टीव्ही मधल्या चौकटी स्वतःच रचतो आणि चित्रपट टीव्हीवरच्या मालिकेसारखा दिसू लागतो. सोनीवर तिचं नाव मोशनफ्लो, एलजीवर ट्रूमोशन. खेळाच्या सामन्याला हवी तर ठेवा.

आता आवाज, म्हणजे या वर्गाचं खरं दुखणं. पडदा पातळ, त्यामुळे स्पीकर खाली तोंड करून बसवलेले. आवाज टेबलावर किंवा भिंतीवर आपटून येतो आणि संवाद गढूळ होतो. त्यात मालिका-चित्रपटांचा ध्वनी बऱ्याचदा ५.१ चा, म्हणजे पाच स्पीकर आणि एक वूफर धरून केलेला असतो. त्यात संवाद मधल्या चॅनेलवर असतात, टीव्हीकडे तो स्पीकरच नाही. सगळं दोन स्पीकरांत कोंबलं जातं, संगीत बोलण्यावर चढतं. मग आजी आवाज वाढवते, स्फोट झाला की सून कमी करते, आणि रिमोटवरून वाद. पैसे न खर्चता तीन गोष्टी करून बघा: ॲपमध्ये भाषेच्या यादीत ५.१ ऐवजी स्टिरिओ निवडा; टीव्हीच्या ध्वनी मेन्यूतला ‘क्लिअर व्हॉइस’ चालू करा; रात्री ‘नाइट मोड’ लावा, तो मोठे आवाज दाबतो आणि बारीक उचलतो. एवढ्यानेही भागलं नाही तर साउंडबार घ्या, पण मधला स्पीकर वेगळा असलेला, म्हणजे ३.१. नुसत्या २.१ ने धमक वाढते, शब्द तेवढेच अस्पष्ट राहतात. जोडणी ‘एआरसी’ (टीव्हीचा आवाज साउंडबारकडे पाठवणारा) लिहिलेल्याच एचडीएमआय पोर्टमध्ये करायची आणि मेन्यूत सीईसी चालू ठेवायचं (सॅमसंग त्याला ॲनिनेट प्लस म्हणतं, एलजी सिंपलिंक), म्हणजे एकाच रिमोटवर आवाज चालतो. ऐकू कमी येणाऱ्यांसाठी ब्लूटूथ हेडफोन आणि स्पीकर एकाच वेळी चालतात का, हे विकत घेण्याआधी तपासा. काही टीव्ही हेडफोन जोडताच घरादाराचा आवाज बंद करतात.

वापराच्या बाबतीत, टीव्ही गूगल टीव्ही या प्रणालीवर चालणारा असेल तर मुलांचं वेगळं प्रोफाइल ही कामाची गोष्ट आहे. रोजची मर्यादा आणि झोपेची वेळ ठरवता येते. वेळ संपत आली की सूचना येते, मग पडदा कुलूपबंद. बाहेर पडायचा पिन मात्र मोठ्यांच्या प्रोफाइललाही लावा, नाहीतर सगळा बंदोबस्त फुकट. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या मार्गदर्शनानुसार दोन वर्षांच्या आतल्या बाळाला पडदा नकोच, दोन ते चार वर्षांच्या मुलांना तासाभराहून जास्त नको. सेट-टॉप बॉक्समधल्या वाहिन्यांना वयाचं कुलूप बॉक्सच्याच मेन्यूतून लागतं, हे बरेच जण विसरतात. पुढचा भाग आपोआप सुरू होणं ॲपच्या सेटिंगमधून बंद करा. जेवणाच्या वेळचे निम्मे वाद तिथेच मिटतात. घरात नुसत्या वाहिन्या बघणारे ज्येष्ठ असतील तर पहिल्या जोडणीतच ‘बेसिक टीव्ही’ निवडता येतं, ॲपांची जत्रा समोर येतच नाही.

वर्ष-दोन वर्षांत टीव्ही मंदावतो. रॅम कमी, त्यात साठवणही थोडीच आणि ॲप फुगत जातात. न लागणारी ॲप काढा, कॅशे (ॲपने साठवलेला तात्पुरता डेटा) पुसा, आठवड्यातून एकदा भिंतीवरचं बटण बंद करून मिनिटाने चालू करा. फोर-केला इंटरनेटचा वेग १५ ते २५ एमबीपीएस लागतो. वाय-फाय ५ गीगाहर्ट्झवर ठेवा. गंमत म्हणजे बऱ्याच टीव्हींचा इंटरनेटच्या केबलचा (लॅन) पोर्ट १०० एमबीपीएसचाच असतो, तरी चित्र अडखळत असेल तर केबलच बरी. वेगापेक्षा इथे सातत्य महत्त्वाचं.

रिमोट चालेनासा झाला तर आधी मोबाइलच्या कॅमेऱ्यासमोर धरून बटण दाबा. जांभळट ठिणगी दिसली तर इन्फ्रारेड ठीक आहे. फक्त पॉवरचं बटण चालतं आणि बाकीची नाहीत, तर बहुधा ब्लूटूथची जोडणी तुटली आहे; ती पुन्हा करायची, नवा रिमोट आणायची घाई नको.

आणि आवाज येतोय पण पडदा काळा, ही तक्रार आली तर अंधारात टॉर्च पडद्याला टेकवून तिरकी धरा. अंधुक चित्र हललं म्हणजे पॅनेल शाबूत आहे, बॅकलाइट गेलाय. बॅकलाइट कायम १०० वर ठेवला की हे लवकर होतं. रात्री ४०-५० पुरतो. दुरुस्तीत बॅकलाइटच्या एलईडी पट्ट्यांचा पूर्ण संच बदलून घ्या. एकच बदलली तर उरलेल्या तितक्याच जुन्या असतात, आणि दुसरी गेली की काचेचं पॅनेल परत उचलावं लागतं. पॅनेल फुटण्याची भीती त्याच वेळी असते.